पुस्तकातली आई, पडद्यावरची आई

आवडत्या पुस्तकावर निघालेला चित्रपट पाहून घरी परतणारा वाचक बहुधा एकच वाक्य घेऊन परततो : पुस्तक अधिक चांगले होते. का चांगले होते असे विचारले की तो गाळलेल्या प्रसंगांची यादी पुढे करतो. अमुक मावशी कोठे गेली, तमुक पत्र का दाखवले नाही, नायिकेचे घर वाड्यात होते ते चाळीत कसे आले. ही तक्रार मला कधीच पुरेशी वाटलेली नाही. अडीच तासांच्या खेळात तीनशे पाने मावत नाहीत हे कोणासही कळते. आणि समजा मावली, एकही प्रसंग गळला नाही, तरी पुस्तकावर जीव असलेल्या माणसाला काहीतरी हरवल्याची हुरहूर लागतेच. ते हरवलेले नेमके काय असते, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मी समीक्षक नव्हे. सेमिनरीत असताना ईशज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांना उतारा म्हणून मराठी कादंबऱ्या वाचू लागलो आणि ती सवय जडली ती जडलीच. चित्रपटांचेही मला वावडे नाही. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते दोन्हींवर प्रेम असलेल्या एका वाचकाचे म्हणणे समजावे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक लहानसे निमित्त घडले. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील धर्मग्रामात पुस्तकांचे एक कपाट आहे. रविवारच्या मिस्सानंतर ते उघडतो आणि मुले पुस्तके नेतात. मध्यंतरी सातवीतल्या एका मुलीने ‘श्यामची आई’ हातात घेतले, चाळले आणि जागच्या जागी ठेवून दिले. म्हणाली, “फादर, हे मी मोबाइलवर पाहिलंय.” तिच्या आईनेही मान डोलावली : पाहिले आहे तर दुसरे एखादे घे. त्या माउलीचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मुलीने खरोखरच चित्रपट पाहिला होता, मन लावून पाहिला होता, आणि त्यातले प्रसंग तिला पाठ होते. मग पुस्तकात तिच्यासाठी शिल्लक काय राहिले? या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आले पाहिजे. नाहीतर ते कपाट उघडण्यात तरी काय अर्थ?

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रकाशित झाले. त्यातल्या प्रकरणांना गुरुजींनी प्रकरण म्हटले नाही, रात्र म्हटले. अशा बेचाळीस रात्री आहेत. दिवसाची कामे आटोपतात, आश्रमातील मित्र जमतात, गावातली चार माणसे येऊन बसतात, प्रार्थना होते, आणि मग श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. आठवण संपते, मंडळी उठतात, दुसऱ्या रात्री पुन्हा जमतात. लहानपणी वाचताना आपण ही बैठक ओलांडून थेट गोष्टीत शिरतो. गोष्टी लक्षात राहतात, बैठक विसरून जातो. पण पुस्तकाचा सारा प्राण त्या बैठकीत आहे.

कारण असे की श्याम ज्या वेळी सांगत असतो त्या वेळी आई जगात नसते. पहिल्या रात्रीपासूनच ती गेलेली आहे. इतकेच नव्हे, तिच्या अखेरच्या घटकेला तो तिच्याजवळ नव्हता. शिक्षणासाठी दूर होता. ज्याला पाणी पाजायला वेळेवर पोहोचता आले नाही असा मुलगा पुढे मोठा होऊन, परक्या गावी, परक्या माणसांसमोर तिच्याविषयी बोलतो. म्हणून प्रत्येक आठवणीत दोन श्याम आहेत. एक तो हट्टी, रुसणारा, पोहायला जायच्या भीतीने लपून बसणारा पोरगा. आणि दुसरा त्या पोराकडे वळून पाहणारा प्रौढ पुरुष. पहिला वागतो, दुसरा समजतो. ‘अळणी भाजी’ची रात्र पाहा. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे आणि वडील चकार शब्द न काढता जेवून उठतात. घटना म्हणाल तर यापलीकडे काही नाही. त्या पंगतीतल्या लहान श्यामला त्यात विशेष काही दिसले नसेल. ते दिसले मोठ्या श्यामला, कित्येक वर्षांनंतर. आपण वाचतो ते भाजीविषयी नसून त्या उशिरा आलेल्या समजुतीविषयी.

आता येथे चित्रपटाची अडचण सुरू होते. मराठी भाषेला ‘होती’, ‘असे’, ‘जात असे’ अशी भूतकाळाची अनेक रूपे आहेत. कॅमेऱ्याला त्यातले एकही येत नाही. पडद्यावर जे दिसते ते आत्ता घडते. फ्लॅशबॅक म्हणून दाखवले तरी पहिल्या दोन क्षणांनंतर तेही वर्तमानच होऊन जाते. पडद्यावरची आई मेलेली नसते. ती समोर बसून तांदूळ निवडत असते. ती मरते तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत मरते आणि आपण रडतो. पुस्तकात मात्र ती आधीच गेलेली आहे आणि प्रत्येक रात्री थोडी परत येते. हे दोन अगदी निराळे अनुभव आहेत. एकात आपण तिच्या घरात असतो, दुसऱ्यात तिच्या मुलाच्या मनात.

आचार्य अत्रे हे चाणाक्ष होते. १९५३ साली त्यांनी हा चित्रपट काढला तेव्हा मुलाच्या मनामागे धावण्यापेक्षा आपल्याला जे दाखवता येईल ते त्यांनी पूर्ण ताकदीने दाखवले : आई. वनमालाबाईंची ती आई आणि माधव वझे यांचा तो श्याम महाराष्ट्राने घरातल्या माणसांसारखे मनात ठेवले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजी ११ जून १९५० रोजीच हे जग सोडून गेले होते. त्यांना हे पाहता आले नाही. विनोदाचा आणि अतिशयोक्तीचा बादशहा असलेल्या अत्र्यांनी हळव्या गुरुजींच्या पुस्तकाला हात घालावा, याचे त्या काळी काहींना नवल वाटले असेल. पण अत्र्यांनी आपला स्वभाव लपवला नाही. शाळेतल्या छडीचे ते गाणे पुस्तकातून आलेले नाही, ते त्यांच्या चित्रपटाचे आहे. आणि वसंत देसाईंच्या चालीमुळे पुढे ते पुस्तक न वाचलेल्या पोरांच्याही तोंडी झाले.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो शाळेच्या मैदानावर, पांढऱ्या चादरीवर, मध्येच तुटणाऱ्या रिळांसह. रीळ जोडेपर्यंत अंधारात मुले हुंदके देत होती, एवढे अजून आठवते. त्यानंतर अनेक वेळा पाहिला, आणि माझे मत असे बनले आहे की चित्रपटातली आई पुस्तकातल्या आईपेक्षा अधिक भव्य आहे, आणि नेमके तेच तिचे उणे आहे. पुस्तकातली आई कर्जाने, तापाने, अपमानाने हळूहळू खंगत जाणारी कोकणातली एक बाई आहे. तिचे थोरपण तिला स्वतःला ठाऊक नाही; ते मुलाला मागाहून उमगते. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र ते पहिल्या दृश्यापासूनच उजेडासारखे पडलेले असते. प्रेक्षकाला ते शोधावे लागत नाही. श्यामला ज्या गोष्टीसाठी अर्धे आयुष्य लागले ती आपल्याला तिकिटाबरोबर मिळते.

सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. रंगांच्या जमान्यात चित्रपट कृष्णधवल ठेवला, आणि मोठ्या वयाच्या साने गुरुजींना, ओम भूतकर यांच्या रूपाने, पडद्यावर उभे केले. याचा अर्थ मी असा लावतो की मूळ अडचण या दिग्दर्शकाला पुरेपूर कळली होती. कॅमेऱ्याला भूतकाळ येत नाही, तर निदान रंग काढून घेऊ. सांगणारा हरवतो, तर त्याला समोर आणू. प्रयत्न प्रामाणिक आहे, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाची उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून निवडही झाली. तरीही सांगणारा एकदा दिसू लागला की तोही एक पात्र होऊन बसतो. त्याचा चष्मा, त्याचे चालणे, त्याचा तुरुंग आपण पाहू लागतो. पुस्तकातला सांगणारा दिसतच नाही. तो आपल्या कानाशी असतो, आणि म्हणूनच थोड्या वेळाने तो आपलाच आवाज वाटू लागतो.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले नाही. सातवीतल्या मुलीला कोण सांगेल! एवढेच म्हणालो की चित्रपटात तू श्यामची आई पाहिलीस, आता श्याम तिच्याविषयी काय म्हणतो ते ऐक. आणि जमल्यास रात्री आजीला वाचून दाखव. पुस्तक तिने नेले. आजीला वाचून दाखवले की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

याच डहाके यांनी पूर्वी मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’लाही हात घातला होता, त्याचा येथेच उल्लेख करतो. कादंबरी २००४ ची, चित्रपट २०१२ साली चित्रगृहांत आला. २०११ च्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला होता. आणीबाणीचा काळ, नववीतली मुले, मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. ज्यांनी कादंबरी वाचली त्यांना ठाऊक आहे की तिची गंमत जोशीच्या बोलण्यात आहे. मास्तरांची, घरच्यांची, मित्रांची आणि स्वतःचीही तो मनातल्या मनात जी टर उडवतो, त्या टवाळीच्या आड त्याची भीती आणि त्याचे प्रेम लपलेले आहे. चित्रपटातला जोशी गोड मुलगा आहे. तो पाहतो, लाजतो, गप्प राहतो. पडद्यावर गप्प बसलेला मुलगा सालस दिसतो. पुस्तकात तोच मुलगा गप्प असताना सर्वांत जास्त बोलत असतो. चित्रपट मला आवडला. पण पुस्तकातला तो आगाऊ कार्टा मला त्यात भेटला नाही.

एवढ्यावरून चित्रपट नेहमीच हरतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्या भागातल्या वाचकाला तर उलट अनुभव ‘बनगरवाडी’ने दिला आहे. श्याम शिकायला औंधला गेला होता. त्याच औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वाडीवर व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर शिकवायला जातो. १९५५ ची ही कादंबरी मी दर उन्हाळ्यात एकदा वाचतो. तिच्यात निवेदक मास्तरच आहे, पण तो स्वतःविषयी जवळजवळ बोलतच नाही. तो पाहतो. मेंढरे पाहतो, कारभाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहतो, वाडीकरांच्या कष्टाने उभी राहणारी तालीम पाहतो, आणि शेवटी पावसाने दगा दिल्यावर एकेक घर रिकामे होताना पाहतो. माडगूळकर चित्रकारही होते, आणि त्यांची वाक्ये रेखाटनासारखी, चार रेघांची असतात.

१९९५ साली अमोल पालेकरांनी या कादंबरीचा चित्रपट केला, तेव्हा पटकथा माडगूळकरांचीच होती. येथे सांगणारा मुळातच डोळ्यांनी सांगत होता, म्हणून कॅमेऱ्याला त्याची जागा घेता आली. किंबहुना दुष्काळाच्या भागात चित्रपट पुस्तकापुढे जातो, असे माझे मत आहे. भूम-परांड्याकडच्या माणसाला दुष्काळ समजावून द्यावा लागत नाही. १९७२ चा दुष्काळ येथल्या प्रत्येक घरात कोणाच्या तरी आठवणीत आहे, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते तर काल-परवाचे. अशा माणसाला रिकामा माळ पाहताना शब्द नको असतात. पुस्तकात माडगूळकरांना निदान एक वाक्य लिहावे लागते. पडद्यावर नुसता माळ पुरतो, आणि मेंढरांच्या खुरांनी उडालेली धूळ खाली बसेपर्यंत कॅमेरा थांबला की त्या वाक्याचीही गरज उरत नाही.

तीच गोष्ट ‘नटरंग’ची. आनंद यादवांचा गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा गडी तमाशात नाच्या होतो. कादंबरीत हा बदल वर्णनाने कळतो. २०१० च्या चित्रपटात अतुल कुलकर्णींच्या शरीरानेच तो सांगितला : आधीचा रुंद गडी आणि नंतरची ती वळलेली मान, ते सैलावलेले मनगट. जेथे गोष्टच देहाची असते तेथे पडदा पुस्तकाला उसने देऊ शकतो. ‘सिंहासन’ची जात निराळी. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी पटकथेत एकत्र केल्या आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार असा उभा केला की त्याच्या नजरेतून सारे राजकारण गाळून येते. तेथे सांगणारा हरवला नाही, कारण तो गोष्टीत हिंडणारा माणूसच होता. ‘दुनियादारी’विषयी मी काही लिहीत नाही. सुहास शिरवळकरांच्या त्या कादंबरीवर जीव टाकणारे वाचक आणि २०१३ चा चित्रपट दहा वेळा पाहिलेले प्रेक्षक यांच्या भांडणात धर्मगुरूने पडू नये.

‘जैत रे जैत’पाशी मात्र थांबले पाहिजे. गो. नी. दांडेकरांची ती कादंबरी ठाकरांची. भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा नाग्या. पुण्यवंत व्हावे, हा त्याचा ध्यास. त्यासाठी तो चांगला वागतो, पुण्य साठवतो. आणि देवाच्या डोंगरावरची राणीमाशी त्याच्याच डोळ्याला डसते, त्याचा एक डोळा जातो. मी कोणते पाप केले, हा त्याचा प्रश्न ऐकून ज्यांनी पवित्र शास्त्रातला ईयोब वाचला आहे ते दचकतात. ईयोब देवाशी शब्दांनी भांडतो. नाग्या भांडतो तो ढोल वाजवून आणि कडा चढून. तो राणीमाशीची पोळी उतरवण्याची प्रतिज्ञा करतो, ती खरीही करतो, आणि त्या जयाच्या क्षणी त्याच्यावर जीव लावणारी चिंधी माश्यांच्या डंखांनी मरते.

१९७७ साली जब्बार पटेलांनी हा चित्रपट केला तेव्हा कादंबरीच्या गद्याचे त्यांनी गाणे केले. डझनाहून अधिक गीते ना. धों. महानोरांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या. एरवी मराठी चित्रपटात गाणे म्हणजे कथेला दिलेली सुट्टी. येथे कथाच गाण्यांतून पुढे सरकते, आणि सांगणारा म्हणून साऱ्या ठाकरवाडीचा आवाज उभा राहतो. कादंबरीतला एक सांगणारा गेला, त्याच्या जागी शंभर आले. पुस्तकाशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. महानोरांना आम्ही जवळून ऐकले ते २०२० च्या जानेवारीत. उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठवाड्याचा रानकवी आणि वसईचा धर्मगुरू एका व्यासपीठावर. आज दोघेही नाहीत : महानोर २०२३ मध्ये गेले, फादर दिब्रिटो २०२४ मध्ये. फादरांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. जुन्या शब्दांना चिकटून राहायचे की जुना आवाज आजच्या कानांना ऐकू येईल असे करायचे?

आणि शुभवर्तमानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या कुटुंबांना ठाऊक असावी. भारतीय चित्रपटाचा उगमच एका ग्रंथाच्या चित्ररूपातून झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला. तो पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यानंतर ख्रिस्तचरित्राचे चित्रपट पुष्कळ झाले. खेडोपाडी पडदे लावून दाखवलेला ‘दयासागर’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल; मूळ तेलुगू चित्रपट १९७८ चा. यांतल्या बहुतेकांत चारही शुभवर्तमाने एकत्र कालवलेली असतात. पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ साली तसे केले नाही. त्याने एकट्या मत्तयाला धरले आणि मत्तयाच्याच शब्दांत चित्रपट केला. हा दिग्दर्शक श्रद्धावंत म्हणून ओळखला जात नव्हता, पण सांगणारा एकच असावा लागतो हे त्याला कळले होते. पेत्राने तिसऱ्यांदा नाकारल्यावर प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, ही नोंद चौघांपैकी एकटा लूक करतो. मत्तयाकडे ती नाही. चौघांना एकत्र केले की ही नजर सर्वांचीच होते, आणि ती लूकलाच का दिसली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आपल्या मातीतली एक कादंबरी वाचताना मला हे सारे पुन्हा आठवते. रा. रं. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. ते जन्मले तेव्हा लातूर हा वेगळा जिल्हा नव्हता. १९८२ पर्यंत तो उस्मानाबादचाच भाग होता. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या ‘पाचोळा’मध्ये गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको सांगते, आणि सांगते ती आपल्या मराठवाडी बोलीत, जशी आपल्या ओट्यावर बसून शेजारीण सांगते तशी. नवऱ्याचा हेका, पोराचा ताठा, गावाचे बोलणे, सारे तिच्या तोंडून. ती स्वतः काही करू शकत नाही. सांगणे एवढेच तिच्या हाती आहे. कॅमेरा शिलाई यंत्र दाखवील, घराचा उंबरा दाखवील, तिचा चेहराही दाखवील. पण नवऱ्याची बाजू घेत घेत त्याच्यावर रागावण्याची तिची जी रीत आहे, एकाच वाक्यात सुरू होऊन त्याच वाक्यात फिरणारी, ती दाखवायला कॅमेरा कोठे ठेवावा?